निळी टोपी, काळी माती

परदेशी निघालेल्या शिपायाची दिल्ली पाहुण्याच्या दिल्लीहून निराळी असते. पाहुण्याला लाल किल्ला, कुतुबमिनार, पराठेवाली गल्ली. शिपायाला लस टोचून घेण्याची रांग, सामानाची मोजदाद आणि दुपारभर घोंघावणारी लू. २०१४ च्या उन्हाळ्यात आमची पलटण संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेतून दक्षिण सूदानला जायची होती. त्या पाच-सहा आठवड्यांत मी एक वही भरली.

लष्करात वही लिहायची, तर काय लिहायचे नाही हे आधी शिकावे लागते. माणसे किती, हत्यारे कोणती, विमान कधी, यांतले अक्षरही खासगी वहीत येता कामा नये. मग उरते काय, असे वाचक विचारतील. पुष्कळ उरते!

पहिल्या पानावर पीतज्वराची लस आहे. ती प्रवासाआधी निदान १० दिवस घ्यावी लागते आणि तिचे पिवळे कार्ड पासपोर्टाइतके जपावे लागते. पुढच्या पानावर पांढरा रंग आहे. आजवर आम्हांला लपायला शिकवले होते. कपडे पानांच्या रंगाचे, गाड्या मातीच्या रंगाच्या. येथे सारे उलटे! गाडी पांढरीशुभ्र, तिच्यावर ठळक काळी अक्षरे, डोक्यावर आकाशी निळी टोपी. शांतिसैनिक लांबूनच ओळखू आला पाहिजे, कारण तो कोणत्याच पक्षाचा नसतो.

पण ती टोपी म्हणजे चिलखत नव्हे, हे आम्ही सारेच जाणून होतो. ९ एप्रिल २०१३ रोजी जोंगलेई प्रांतात गुमुरुकजवळ दबा धरून झालेल्या हल्ल्यात ५ भारतीय सैनिक पडले होते. त्याच वर्षी डिसेंबरात अकोबोच्या तळावर हल्ला झाला आणि आणखी दोघे गेले. वारसाचे नाव नीट तपासून घ्या, असे कारकुनाने सांगितले, तेव्हा बराकीतल्या गप्पा थोडा वेळ थांबल्या.

एके दिवशी नकाशा लावून तिकडच्या मुलखाची माहिती दिली. श्वेत नाईल, तिची अफाट दलदल, आणि पावसाळ्यात महिनोन्‌महिने बंद पडणारे रस्ते. का बंद पडतात? तर माती काळी, कापसाची, भिजली की चाक सोडत नाही. मी परभणीकडचा, आसापर्यंत रुतलेली बैलगाडी लहानपणापासून पाहिलेली. रात्री फोनवर वडिलांना हे सांगितले. ते म्हणाले, “मंग तर घरीच चाललास की!”

पत्नीचा प्रश्न मात्र एवढा सोपा नव्हता. “तिकडं तुमचं भांडण तरी कुणाशी?” तिने विचारले. मला उत्तर सुचले नाही, म्हणून प्रश्नच वहीत उतरवून ठेवला.

तो डोक्यात घेऊन एका रविवारी इंडिया गेटला गेलो. १९३१ साली पुरी झालेल्या या कमानीवर १३ हजारांहून अधिक नावे कोरली आहेत. मेसोपोटेमिया, पूर्व आफ्रिका, फ्रान्स अशा परमुलखांत पडलेल्यांचे हे स्मारक. त्यांत मराठा पलटणींची माणसेही आहेत. त्यांचे तरी भांडण कोणाशी होते? साम्राज्याचे होते, ते यांनी लढले. तेथे उभा असताना आमच्या जाण्यातला फरक ध्यानात आला. डिसेंबर २०१३ मध्ये दक्षिण सूदानात यादवी पेटली, तेव्हा हजारो माणसे मुलेबाळे घेऊन राष्ट्रसंघाच्या तळांकडे धावली आणि तळांची दारे त्यांना उघडली गेली. त्या दारावर कोणीतरी उभे राहायला हवे होते. घरी फोनवर एवढेच सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “दारात उभं राहायचं असेल तर जा. पण आत-बाहेर बघून.”

वहीचे शेवटचे पान वेळापत्रकाचे आहे. तिकडचे घड्याळ तेव्हा आपल्यामागे अडीच तास. घरी साडेआठला भाकऱ्या होतात, तेव्हा तेथे सहा. याची एक नक्कल करून पत्नीला पाठवली. तिने ती स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवली.

२०२१ साली त्या देशाने आपले घड्याळ एक तास मागे घेतले. आता फरक साडेतीन तासांचा आहे. आमच्या भिंतीवरचा कागद मात्र अजून जुनीच वेळ सांगतो.