लष्करचा सपाट रस्ता आणि उरवाईचा चढ

ग्वाल्हेर हे एक शहर नसून तीन शहरे आहेत, हे येथे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. किल्ल्याच्या उत्तरेकडील पायथ्याशी जुने ग्वाल्हेर, पूर्वेला मुरार आणि दक्षिणेला आमचे लष्कर. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ येथे पडला, आणि तंबूंच्या जागी हळूहळू वाडे, मठ, बाजार उभे राहिले. फौजेचा तळ नेहमी सपाट जागा पाहून पडतो. त्या दूरदृष्टीचा लाभ पुढे दोनशे वर्षे कोणाला झाला असेल, तर तो आम्हां सायकलवाल्यांना! शिंदे की छावणीपासून बाड्यापर्यंत आणि बाड्यापासून फूलबागेपर्यंत पाय न टेकता जावे, असा हा मुलूख. मध्ये मात्र सुमारे तीनशे फूट उंचीचा तो किल्ला आपल्या कातळी कड्यांवर बसलेला. सपाट गावाच्या मधोमध एकच चढ, पण तो असा, की त्याच्यापुढे बाकीच्या सपाटीचा गर्व उतरावा.

या भूगोलाचा विचार मी पूर्वी कधी केला नव्हता. तो करावा लागला गुडघ्यांमुळे.

माझी सायकल जुन्या घडणीची आहे: २८ इंची चाके, दांड्यांचे ब्रेक, काळा रंग. चाळीस वर्षे तिने मला शाळेत नेले आणि घरी आणले. निवृत्तीनंतर एकच नियमाची फेरी उरली होती. हजीऱ्याकडे थोरली बहीण, आक्का, राहते. तिला आता घराबाहेर पडवत नाही. आठवड्यातून दोनदा मी तिच्याकडे जातो, वर्तमानपत्र वाचून दाखवितो, चहा घेऊन परततो. जाऊन-येऊन बारा किलोमीटरांच्या आतलाच रस्ता, आणि त्यात चढ एकच, तो पडावच्या रेल्वेपुलाचा. गेल्या वर्षी त्या पुलावर मला प्रथमच उतरावे लागले. दुसऱ्या वेळी उतरलो, तेव्हा मागच्या रिक्षावाल्याने “बाबूजी, संभलके” म्हणून हाक दिली. घरी सौ.ने एवढेच विचारले, “अहो, आता ही सायकल कोणाला तरी द्यायची का?” प्रश्न सायकलचा नव्हता हे दोघांनाही ठाऊक होते. रिक्षाने जाता येते. पण दुसऱ्याच्या सवडीने जाणे आणि आपल्या मनाने जाणे यांत फार अंतर आहे.

त्यावर उपाय सुचविला भाच्याने. तो विजेच्या कामातला आहे. “मामा, नवी सायकल घेऊ नका. हिलाच मोटर बसवू.”

मला ही कल्पना अगदी आजकालची वाटली होती. परंतु चाकाच्या तुंब्यातच मोटर बसविण्याचे पेटंट अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन नावाच्या गृहस्थाने १८९५ मध्येच घेतले होते. कल्पना जुनी, तिला लागणारी हलकी बॅटरी आणि स्वस्त इलेक्ट्रॉनिकी मात्र उशिरा आली.

बाजारात चौकशी करू लागलो तेव्हा तीन जातींच्या मोटरी समोर आल्या. पहिली, थेट फिरणारी हब मोटर. हिच्या पोटात दंतचक्रे नाहीत; चुंबके आणि तारांची वेटोळी एवढेच. म्हणून ती मुकाट्याने चालते आणि झिजण्याजोगे तिच्यात फारसे काही नसते. उतारावर ती उलट वीजही निर्माण करू शकते. परंतु ती जड असते, आणि वीज बंद असताना पायांनी चालवू गेले तर चाकाला मागे ओढते. दुसरी, दंतचक्रांची हब मोटर. हिच्या आत लहान मोटर जलद फिरते आणि नायलॉनच्या दंतचक्रांमधून चाकाला सावकाश, पण जोराने फिरविते. ही वजनाने हलकी. वीज बंद केली की आतला फ्रीव्हील सुटतो आणि सायकल पूर्वीसारखी चालते. दंतचक्रे कालांतराने झिजतात, हा तिचा दोष. तिसरी, पॅडलांच्या मध्यभागी बसणारी मोटर. ती जोर साखळीला देते, म्हणून सायकलचे गिअर तिला वापरता येतात. घाटरस्त्यांसाठी हीच उत्तम. परंतु माझ्या सायकलला गिअर नाहीत. मागे एकच दातेरी चक्र. तिथे मधल्या मोटरीचा मुख्य गुणच वाया जाणार. शिवाय साखळीवर ताण वाढतो आणि किंमतही अधिक.

निवड पुढच्या चाकात दंतचक्रांची २५० वॉटची मोटर बसविण्यावर ठरली. आपल्याकडील नियमांत २५० वॉटच्या आतील मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतील वेग असला, म्हणजे त्या वाहनाला मोटार वाहन समजत नाहीत. याहून अधिक जोराची मोटर घेण्याचा आग्रह दुकानदार करतात. पण मग नोंदणी आणि परवाना यांचा प्रश्न उभा राहतो, आणि ब्रेक तर जुनेच असतात.

ब्रेकांचीच गोष्ट आमच्या मिस्त्रीने काढली. नई सडकेवरचा हा कारागीर मला “मास्साब” म्हणतो. त्याच्या मुलाला मी शिकविले आहे. किट उघडताच तो म्हणाला, “मास्साब, चक्का नहीं बैठेगा.” माझ्या पुढच्या रिमला आरे ३२, मोटरीच्या तुंब्याला भोके ३६. म्हणजे रिम नवी हवी. नवी रिम घेतली, तर दांड्यांचा ब्रेक लागणार नाही, कारण तो रिमच्या आतल्या बाजूला दाबतो आणि त्यासाठी रिमची घडणच निराळी असते. म्हणजे पुढे नवा ब्रेकही हवा. फोर्कही मोटरीच्या आसापेक्षा थोडा अरुंद. पोलादी असल्यामुळे तो जपून फाकविता आला; अ‍ॅल्युमिनियमच्या फोर्कवर असा प्रयोग कदापि करू नये. मोटर चाकाला पुढे ढकलते तेव्हा आस उलटा फिरू पाहतो. तो फिरला तर तारा तुटतात आणि चाकही निसटू शकते. म्हणून आसाला धरून ठेवणारी पोलादी पट्टी, जिला टॉर्क आर्म म्हणतात, ती बसविल्यावाचून मिस्त्रीने सायकल हाती दिली नाही. किटच्या डब्यावर यांपैकी एकही गोष्ट छापलेली नव्हती.

येथवर सारे ठीक झाले. चूक झाली ती कंट्रोलरमध्ये.

कंट्रोलर ही लहानशी धातूची पेटी. बॅटरीतून येणारी वीज ती तीन जाड तारांतून पाळीपाळीने मोटरीच्या वेटोळ्यांना देते. पाच बारीक तारांतून चाक कोठवर फिरले याची वर्दी तिला मिळते. किती विजेचा प्रवाह जाऊ द्यायचा, हेही तीच ठरविते. मोटर हे शरीर मानले, तर कंट्रोलर ही त्याची बुद्धी. विक्रेत्याने मला २२ अ‍ॅम्पियरचा कंट्रोलर दिला. “जास्त अ‍ॅम्पियर, जास्त ताकद,” हे त्याचे तत्त्वज्ञान. ३६ व्होल्टला २२ ने गुणले तर जवळजवळ ८०० वॉट होतात. २५० वॉटच्या मोटरीला एवढा आहार! आणि माझ्या बॅटरीची सुरक्षित मर्यादा होती १५ अ‍ॅम्पियरची.

बाड्यावरून निघालो तेव्हा मला याची जाणीव नव्हती. टाउन हॉल, टपाल कचेरी, स्टेट बँक या ओळखीच्या इमारती डावी-उजवीकडून सरकल्या. गुडघे हलत होते, पण दुखत नव्हते. फूलबागेजवळ राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपाशी सवयीने हात जोडले. पडावचा पूल आला. मी मूठ पुरती पिळली, सायकल उसळून चढू लागली, आणि ऐन मध्यावर सारे एकदम विझले. बॅटरीच्या रक्षक मंडलाने आपले कर्तव्य बजावून वीज तोडली होती. मागून बस येत होती. कसाबसा उतरून कठड्याला लागलो. पाय थरथरत होते.

त्या रात्री सौ. काही बोलली नाही, हेच अधिक बोलके होते. भाचा दुसऱ्या दिवशी आला, पेटी पाहून कपाळाला हात लावला आणि १४ अ‍ॅम्पियरचा कंट्रोलर बसवून गेला. तेव्हापासून पूल निमूटपणे पार पडतो. वेग थोडा कमी, इतकेच. बॅटरी देऊ शकेल त्याहून अधिक मागणारा कंट्रोलर घेऊ नये, हा धडा मी पुलाच्या मध्यावर शिकलो. वाचकांनी तो घरबसल्या शिकावा.

बॅटरी ३६ व्होल्ट, १० अ‍ॅम्पियर-तासांची, म्हणजे ३६० वॉट-तासांची. हलके पॅडल मारीत गेले, तर किलोमीटरला १० वॉट-तासांच्या आसपास खर्च येतो. म्हणजे तीसेक किलोमीटरांची निश्चिंती. शिशाच्या बॅटऱ्या स्वस्त मिळतात, परंतु तेवढ्याच क्षमतेला दहा-बारा किलो वजन वाहावे लागते. लिथियमची तीन किलोंच्या आसपास भरते. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा वेळी उन्हातून आल्याबरोबर बॅटरी भरायला लावणे धोक्याचे. मी ती पहाटे, मोकळ्या जागी, तिच्याच चार्जरने भरतो आणि भरून होईतो जवळपास असतो.

आक्काकडे जाणे सुरळीत झाले. पण माणसाची हाव! एका सकाळी मनात आले, किल्ला का चढू नये? लहानपणी वडिलांमागे सायकल ढकलीत उरवाईच्या वाटेने आम्ही वर जात असू.

हिशेब तर सोपा होता. मी, सायकल आणि बॅटरी मिळून १०० किलो धरू. एवढे वजन तीनशे फूट, म्हणजे ९० मीटर उचलायला लागतात अवघे २५ वॉट-तास. वाटेतली नासधूस धरून दुप्पट म्हणा. तरी बॅटरीचा सातवा हिस्सा. किल्ला खिशात होता!

उरवाईच्या दरवाजातून आत शिरलो. दोन्ही बाजूंना कातळ, मधून वळत चढणारा रस्ता. पहिल्या चढावर सायकल चालली. मग वेग माणसाच्या चालीएवढा झाला. खडी पसरलेल्या एका जागी पुढचे चाक जागच्या जागी फिरले, कारण चढावर भार मागे जातो आणि पुढचे चाक हलके पडते. थोड्याच वेळात ऊन लागलेल्या रबरासारखा वास आला. भाच्याने सांगून ठेवले होते, “मामा, तुंब्यावर हात ठेवता आला नाही, तर थांबायचे.” हात ठेवला, ठेवता आला नाही.

माझ्या हिशेबात चूक नव्हती, पण प्रश्नच चुकीचा होता. बॅटरी पुरेल का, हे मी विचारले. मोटर सोसेल का, हे विचारले नाही. सपाट रस्त्यावर ताशी १६ किलोमीटरने जायला चाकाशी पाऊणशे ते शंभर वॉट पुरतात. शंभर फुटांत आठ फूट चढ असला, तर ताशी ८ किलोमीटरनेही दोनशे वॉट लागतात. वेग निम्मा, पण मागणी दुप्पट. मोटर किती तापते हे ती किती जोर लावते यावर ठरते, किती वेगाने जाते यावर नव्हे. सावकाश चढताना उष्णता कमी होत नाही. ती अधिक वेळ साचत राहते. गिअरची सायकल आणि मधली मोटर असती, तर मोटर आपल्या सुखाच्या वेगाने फिरत राहिली असती. माझ्या सायकलला ते सुख नव्हते.

सायकल कातळाला टेकवून बसलो. समोर पंधराव्या शतकात, तोमरांच्या काळी कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या मूर्ती होत्या. त्यांतील सर्वांत उंच मूर्ती ५७ फुटांची. बाबराच्या हुकुमाने भंग झालेले चेहरे, नंतर केलेली डागडुजी, आणि तरीही न ढळलेली ती उभी मुद्रा. शाळेच्या सहली घेऊन या वाटेने मी कितीदा गेलो असेन. पण तेव्हा मुले मोजण्यात लक्ष असे. अर्धा तास तेथे बसून मी त्या मूर्ती पहिल्यानेच नीट पाहिल्या. मग सायकल वळविली आणि ब्रेक धरीत खाली उतरलो.

बडोदे-इंदूरकडील आप्तांची पत्रे येतात, “कोणती मोटर घ्यावी?” मी उलट विचारतो, “तुम्हांला जायचे कोठे?” सपाट पेठांतून फिरायचे असेल, तर माझ्यासारखी साधी हब मोटर पुष्कळ झाली. पणजीत आल्तिन्होची टेकडी रोज चढायची असेल, तर गिअरची सायकल आणि मधली मोटर यांवाचून इलाज नाही. आधी आपला रस्ता पाहावा, त्यातला सर्वांत वाईट चढ पाहावा, तो महिन्यातून किती वेळा लागतो ते पाहावे. मग बॅटरी, तिला साजेसा कंट्रोलर, आणि सर्वांआधी ब्रेक. डब्यावरचे आकडे शेवटी वाचावेत.

मोठी मोटर घेण्याचा मोह मला त्या दिवसानंतर झाला नाही. वर्षातून एकदाच्या किल्ल्यासाठी आठवड्याच्या चार खेपांचा तोल का बिघडवावा? हिवाळ्यात मी उरवाईच्या दरवाजाशी सायकलला कुलूप लावतो आणि थांबत थांबत, जमेल तेवढा, पायी चढतो. मूर्तींपर्यंत तरी जातोच.

परवा आक्काला हे सारे सांगितले. ती म्हणाली, “मूर्ती राहू देत रे. तू पुलावरून नीट येतोस ना, तेवढे पुरे.”