दिवा बारीक कर

खोपोलीचं वीजघर 1915 साली सुरू झालं, भिवपुरीचं 1922 साली. कर्जतच्या भातखाचरांतून मुंबईकडे निघालेले तारांचे मनोरे तेव्हापासूनचे. 1942च्या चळवळीत माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने नेमके हे मनोरे पाडायला घेतले, कारण मुंबईच्या गिरण्या याच विजेवर चालत. 2 जानेवारी 1943च्या पहाटे सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी दस्त्याला गाठलं. कोतवाल आणि हिराजी पाटील तिथेच पडले.

कडावच्या एका मुलाला हे शाळेत कळलं. घरी आजी यातलं काही बोलत नसे. रात्री रस्त्यावर गाडीचा आवाज आला की मात्र म्हणे, "दिवा बारीक कर रं." कंदिलाची वात खाली जाई आणि गाडी लांब जाईपर्यंत कोणी खोकतही नसे. पोलिसांनी भाताची कणगी कशी उपसली, ते तिने एकदाच सांगितलं, तांदूळ पाखडताना, तेही अर्धवट.

शाळेच्या गॅदरिंगमध्ये सिद्धगडच्या नाटकात त्याला दस्त्यावर चालून गेलेल्या पोलीस अधिकारी हॉलची भूमिका मिळाली. खाकी कपडे, पुठ्ठ्याची बंदूक, मामाचे बूट. त्याने असे पाय आपटले की टाळ्या पडल्या. आजी मात्र मधूनच उठून गेली. घरी ती एवढंच म्हणाली, "बूट भाईर काढ."

इंग्लंडमध्ये जेरेमी डेलर या कलावंताने 2001 साली ऑरग्रीव्हची लढाई पुन्हा उभी केली. 1984च्या संपात खाणकामगार आणि पोलीस तिथे भिडले होते. डेलरने प्रसंग उभा करताना जुन्या खाणकामगारांनाही उतरवलं. त्यातले काही चक्क पोलिसांच्या बाजूने उभे राहिले. मोठेपणी हे वाचल्यावर कडावच्या त्या मुलाला मामाचे बूट आठवले.

पुढे तोही तसाच प्रसंग उभा करायला गावातल्या पोरांना घेऊन रात्री सिद्धगडाच्या वाटेला लागला. संवाद नाहीत, माईक नाही, बॅटऱ्या बंद. करवंदीच्या जाळ्या दंडाला ओरबाडत होत्या, पुढच्याचा फक्त श्वास ऐकू येत होता. मागून कोणीतरी चुकून उजेड टाकला, तसा तो मटकन खाली बसला. कणगी उपसली तेव्हा तो जन्मलाही नव्हता.

चालताना पोरं विचारतात, "मग पोलिसांना खबर कोणी दिली?" हा प्रश्न गावात म्हाताऱ्यांपुढे काढला की चहा येतो, पावसाचा विषय निघतो. दस्त्यात जायला सगळे तयार असतात, हॉललाही एखादा मिळतो; खबऱ्याची जागा कोणी मागत नाही. यंदा ती त्याने स्वतःकडे घेतली आहे. पोरांच्या आधी तासभर निघायचं आणि वाटेत एका दारावर थाप मारायची, एवढंच त्या भूमिकेत आहे. दार कोणत्या घराचं असावं, यावर सध्या वाद चालू आहे.