आईच्या ताटाची चौकशी

महसूल खात्याच्या चाकरीत अर्जदार, जाबदार, साक्षीदार आणि पंच अशा सर्व प्रकारच्या मनुष्यांच्या जबान्या लिहून घेण्याचे काम मी आयुष्यभर केले. परंतु गेल्या माघ महिन्यात भूम येथील आमच्या राहत्या घरात माझ्या कन्येची जी जबानी घेण्यात आली, तिच्याइतकी एकतर्फी जबानी कोणत्याही मामलेदाराने माझ्यासमक्ष घेतल्याचे मला स्मरत नाही. गुन्हा एवढाच होता की तिच्या दहा महिन्यांच्या मुलीला ताप आला होता.

कन्या लातूरला दिलेली. भावकीतल्या एका लग्नासाठी ती दोन्ही मुलांना घेऊन माहेरी आली होती. थोरला मुलगा पाच वर्षांचा, धाकटी ही तान्ही. लग्न झाले, मांडव उतरला, आणि पाहुणे पांगले न पांगले तोच थोरल्याने पोट दुखते म्हणून एक दिवस अंथरूण धरले, एकदा ओकला, भाकरीचा घास गिळताना घसा टोचतो म्हणाला, अंगही थोडे तापले. लग्नातले गोडधोड बाधले असा सर्वानुमते निकाल होऊन त्याला ओवा चारण्यात आला आणि ते प्रकरण दप्तरी दाखल झाले. पुढे बाळ किरकिरू लागले. ताप फार नव्हे, पण उतरून उतरत नव्हता. नाकातून घट्ट शेंबूड सतत वाहून नाकपुड्यांखालची कातडी सोलवटली आणि तिच्यावर पिवळसर खपल्या धरल्या. मानेत जबड्याखाली गाठी हाताला लागू लागल्या. आणि भूक असूनही, छातीशी धरले की दोन घोट घेऊन ते तोंड फिरवून रडे.

या शेवटच्या लक्षणावरून चौकशीला आरंभ झाला. माझी ज्येष्ठ भगिनी, जिला सारे गाव आक्का म्हणते, बाजेवर बसली, कन्येला तिने समोर बसविले आणि गेल्या आठवड्यात तिच्या पोटात काय काय गेले याची तारीखवार कैफियत मागितली. लग्नातल्या येसराच्या आमटीत चिंच होती काय? होती. ती किती वाट्या प्यालीस? सकाळी दह्याशी धपाटे कुणी खाल्ले? माठातले पाणी रात्री कोण प्याले? न्हाऊन ओल्या केसांनी अंगणात कोण उभे होते? प्रत्येक प्रश्नाचे उत्तर ती बिचारी प्रामाणिकपणे देत गेली आणि प्रत्येक उत्तर तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून रुजू होत गेले. "तुझ्या अंगावरचं दूध आंबलंय, म्हणून लेकराचा घसा धरलाय," असा आक्कांनी निवाडा दिला, आणि लातूरहून दूरध्वनीवर विहीणबाईंनी कागद न पाहताच त्यावर शिक्कामोर्तब केले. मी मध्ये बोललो. परंतु "तू तुझं दप्तर बघ, हे बायकांचं आहे," या एका वाक्याने मला गैरहजर समजण्यात आले.

येथवर ठीक होते. पण त्या रात्री बाळाला अंगावर पाजायचे नाही, तांदळाची पेज आणि साखरेचे पाणी द्यायचे, असा हुकूम सुटला. ज्या मुलीला गिळताना वेदना होत असल्यामुळे आधीच पोटभर मिळत नव्हते, तिचे हक्काचे अन्न तोडण्यात आले; आणि जिचे दूध दाटून छाती दगडासारखी झाली होती ती तिची आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. आईने आंबट खाल्ल्याने तिचे दूध आंबत नाही, तिने थंड पाणी प्याल्याने ते थंड होत नाही, आणि आजारी बाळाला त्या दुधातून पाणी, अन्न व रोगप्रतिकारक द्रव्ये ही तिन्ही एकाच वेळी मिळतात, हे आज अंगणवाडीची ताईसुद्धा सांगते. तरीही मूल आजारी पडले की पहिली झडती आईच्या ताटाची व्हावी, हा शिरस्ता आमच्या घरांतून काही हलत नाही. ज्याने त्या मांडवात चारी ठाव जेवून, पानाचा विडा चघळीत, परवा बाळाचे मटामट मुके घेतले, त्या एकाही पुरुषाला कुणी विचारले नाही की, बाबा, तुझा घसा कसा आहे?

दुसऱ्या दिवशी शेजारच्या आळीतून एका वृद्धेला बोलावण्यात आले. मिठाचे बोट घशात घालून पडजीभ उचलण्यात तिचा हातखंडा होता. कन्येने मात्र, आदल्या दिवशी सर्व आरोप निमूटपणे ऐकून घेणाऱ्या त्या मुलीने, बाळाला पदराखाली घेतले आणि स्पष्ट सांगितले की बोट घालू देणार नाही. सुजलेल्या घशात नखाचा ओरखडा उठला, रक्त आले किंवा उलटी होऊन ती श्वासात गेली तर काय होईल, हे तिला कुणी शिकविले होते कोण जाणे. मधात हळद कालवून चाटविण्याचाही बेत होता. तोही तिने मोडला, आणि योग्यच केले, कारण वर्षाच्या आतील मुलाला मध देऊ नये, त्यातून क्वचित जीवघेणी विषबाधा होते. बाजारातून कोणी एक लाल सरबतासारखे औषध आणि एक प्रतिजैविकाची बाटली न तपासताच विकत आणून दिली होती, ती फळीवर तशीच राहिली. खोकल्या-सर्दीच्या काही मिश्रणांवर चार वर्षांखालील मुलांना देऊ नये असे छापण्याचा आदेश औषध नियंत्रकांनी 2023च्या डिसेंबरात काढलेला आहे. पण छापलेले वाचतो कोण?

आमच्या भूमची माणसे दवाखान्यासाठी धाराशिवपेक्षा बार्शीचा रस्ता अधिक धरतात. आम्हीही तोच धरला. तेथील बालरोगतज्ज्ञांनी बाळाला पाहिले, कान पाहिले, छाती ऐकली, मानेतल्या गाठी चाचपल्या, नाकाखालच्या खपल्यांकडे किंचित अधिक काळ पाहिले, आणि मग ज्याची कुणालाच अपेक्षा नव्हती तो प्रश्न केला: "बाळाच्या आधी घरात कुणाचा घसा दुखला होता?" आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. कोपऱ्यात भिंतीवरच्या अक्षरमालेतील हत्ती न्याहाळीत उभ्या असलेल्या थोरल्यानेच हात वर केला. त्याला उजेडात उभे करून त्यांनी आ करायला लावले. टॉन्सिल सुजून लाल झालेले, त्यांवर पांढरे ठिपके, टाळूवर बारीक तांबडे बिंदू, मानेत दुखऱ्या गाठी. आणि खोकला नाही, सर्दी नाही. ते म्हणाले, "फिर्याद एकीची आणि मुद्देमाल दुसऱ्याकडे!" महसुली भाषा त्यांनाही येत होती, हे पाहून मला मोठे बरे वाटले.

मग त्यांनी जे समजावले ते असे. मुलांचे बहुतेक घसे विषाणूंमुळे धरतात आणि खोकला, वाहते नाक, बसलेला आवाज, लाल डोळे ही त्यांची ओळख. त्यांवर प्रतिजैविकाचा काडीमात्र उपयोग नाही. स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूचा, त्यातही रेबेका लान्सफील्ड या विदुषीने 1933 साली केलेल्या वर्गवारीतील अ गटाचा घसा हा मुख्यतः पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांचा रोग. तीन वर्षांच्या आत तो विरळा, म्हणून एवढ्या लहान बाळाची त्यासाठी एरवी तपासणीही करीत नाहीत. परंतु घरात थोरल्या भावंडाला तो असेल, तर बाळालाही होऊ शकतो, आणि बाळात तो घशाचे रूप न घेता रेंगाळणारा ताप, सोलवटलेले नाक, गाठी आणि किरकिर असे वेषांतर करून येतो. दोघांच्याही घशातील स्राव कापसाच्या काडीने घेऊन तपासणीस पाठविला. अहवाल येईपर्यंत केवळ वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल आणि आईचे दूध, मागेल तेव्हा. ॲस्पिरिन मुलांना मुळीच नाही. थोरल्याचे औषध लांबेल, अशी शंका मी काढली, तेव्हा ते म्हणाले की आजार सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध लागू केले तरी हृदयाचे रक्षण होते. बाजारातल्या घाईपेक्षा दोन दिवसांची खात्री बरी.

हृदयाचा विषय निघाला तेव्हा आक्कांचा चेहरा उतरला. हा घसा औषधाविना सोडला तर दोनतीन आठवड्यांनी काही मुलांना संधिवाताचा ताप येतो आणि तो हृदयाच्या झडपा कायमच्या नासवतो. तान्ह्या बाळांत हे अत्यंत क्वचित, पण थोरल्याच्या वयात भय खरे. शाळाशाळांतून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके 2013पासून मुलांची हृदये तपासत फिरतात ती इतर दोषांबरोबर यासाठीही. ज्याचे पोटदुखीचे प्रकरण आम्ही ओव्यावर निकालात काढले होते, खरा धोका त्यालाच होता.

अहवाल दोघांचाही होकारार्थी आला. दोघांना अमॉक्सिसिलिन, पूर्ण दहा दिवस. पेनिसिलिनच्या कुळातले हे औषध. पिंपरीला 1954 साली सरकारने हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना काढला तेव्हाच्या काळात पेनिसिलिन देशात तयार होणे ही अपूर्वाई होती. जंतूंची कित्येक कुळे औषधांना दाद देईनाशी झाली असताना, या जंतूने मात्र पेनिसिलिनपुढे अजून मान तुकवलेलीच आहे. ताप दीडदोन दिवसांतच उतरला, आणि लगेच विहीणबाईंचा निरोप आला की आता इतके कडक औषध पोरीच्या पोटात कशाला. कन्येने ऐकले नाही. तिने पंचांगाच्या कोऱ्या जागेत रोजच्या मात्रा टिपून ठेवल्या, जशा आम्ही वसुलीच्या नोंदी ठेवीत असू.

ज्यांच्या घरी तान्हे आहे त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की तीन महिन्यांच्या आतील बाळाला शंभर अंशांपलीकडे ताप गेला तर कोणाच्याही ताटाची चौकशी न करता थेट दवाखाना गाठावा. आणि वय काहीही असो, लाळ गिळता येत नसेल, श्वास घेताना आवाज होत असेल, लंगोट तासन्‌तास कोरडा राहत असेल किंवा मूल मलूल पडून ओळख दाखवीत नसेल, तर रात्र उलटण्याची वाट पाहू नये. असा घसा धरलेल्या थोरल्यांना औषधाचा पहिला पूर्ण दिवस लोटेपर्यंत बाळापासून दूर ठेवावे, पेला-चमचा वेगळा ठेवावा.

कोणालाच दोषी धरू नये असे मी इतके आवेशाने लिहिले खरे. पण बार्शीहून परत येताना मांडवात एकाच पेल्याने पाणी पिणाऱ्या पोरांच्या घोळक्यात पहिला घसा कुणाचा धरला, याचाच मी मनातल्या मनात तपास लावीत होतो, आणि कन्या निर्दोष सुटल्याचा मला झालेला आनंद हा न्यायाचा होता की पक्षपाताचा, हे मी सांगू शकत नाही. आक्कांवर रागवावे तर पेजेच्या त्या रात्री बाळाला खांद्यावर टाकून पहाटेपर्यंत अंगणात येरझाऱ्या घालणारी तीच होती. तिच्या गुडघ्यांना उठबस सोसत नाही हे मला ठाऊक आहे.

कन्या आता लातूरला परतली आहे आणि बाळ व्यवस्थित पीत आहे. चिंचेच्या बाबतीतला आक्कांचा आक्षेप मात्र अद्याप कायम असून, विहीणबाईंनी तो अपिलात बहाल ठेवल्याचे कळते.