गुडगावचा रस्ता

नोकरीनिमित्त दिल्लीस येऊन राहिलेल्या आमच्यासारख्यांना गुडगावचा द्रुतगती मार्ग म्हणजे स्वतःच बांधल्यासारखा अभिमानाचा विषय. १९८३ साली मारुतीची पहिली मोटार जेथून बाहेर पडली, ते हे गुडगाव. २०१६ पासूनचे गुरुग्राम. २००८ च्या जानेवारीत हा मार्ग खुला झाला, तेव्हा २८ किलोमीटरांचे अंतर आता वीस मिनिटांचे, असे आम्ही गावी कौतुकाने लिहिले. सिरहौलच्या नाक्यावर ३२ रांगा असूनही टोल भरण्यातच तेवढी मिनिटे जात, हे मात्र लिहिले नाही. (तो नाका २०१४ मध्ये एकदाचा उठला.)

२०१२ साली वडील साताऱ्याहून आले. त्यांना हौसेने मोटारीत बसवून निघालो. हाच रस्ता पुढे मुंबई-पुण्यावरून आपल्या साताऱ्यास जातो, हेही सांगितले. त्यांचे लक्ष नव्हते. डोक्यावर भारा घेतलेली एक बाई मधल्या कठड्यापाशी उभी होती. घर एका अंगाला, रान दुसऱ्या अंगाला, असे काहीतरी असावे. दोनदा तिने पाऊल पुढे टाकले नि मागे घेतले. आम्ही वेग कमी केला नाही; मागून वाहने येत होती, हे खरेच आहे.

"गेली का रे ती पलीकडे?" वडिलांनी मागे वळून विचारले.

"गेली असेल."

परतताना काळोख पडला होता. वडील काचेला कपाळ टेकून ती जागा शोधीत होते.