आवाजाची शर्यत, मुक्काम ओहायो

ओहायो म्हणजे अमेरिकेतील मक्याचा आणि सोयाबीनचा मुलूख. राजधानी कोलंबस. तेथून पश्चिमेस स्प्रिंगफील्ड हे गाव सुमारे ७० किलोमीटर; पण एवढ्या वाटेत डोंगर म्हणून दृष्टीस पडत नाही. दोन्ही अंगांस मका, मध्येच एखादे पांढरे लाकडी घर, तांबड्या रंगाचे कोठार आणि त्याच्या शेजारी मनोऱ्यासारखी उभी धान्याची कणगी. या मुलखात बहुतेक प्रत्येक जिल्ह्याला आपले जत्रेचे मैदान असते. उन्हाळ्यात तेथे जनावरांची प्रदर्शने भरतात आणि शेतकऱ्यांची पोरे स्वतः वाढवलेल्या शेळ्या नि डुकरे घेऊन येतात. मुलांच्या ज्या ‘फोर-एच’ मंडळांतर्फे हे चालते, त्यांचा उगम १९०२ साली याच स्प्रिंगफील्डमध्ये, कचेरीच्या तळघरात झाला. शिवाय ट्रॅक्टरने ओझे ओढण्याच्या शर्यती असतात. त्यांत ट्रॅक्टरचे वजन करून गट पाडतात. हलक्याला भारी भिडवायचा नाही, हा तेथला जुना दंडक.

माझा भाचा कोलंबसच्या विद्यापीठात शिकतो. सप्टेंबरातल्या एका रविवारी तो म्हणाला, “मामा, आज तुम्हांला एक निराळीच शर्यत दाखवतो. फक्त हे कानांत घाला.” आणि त्याने माझ्या हातावर पिवळ्या स्पंजाचे दोन बोळे ठेवले.

स्प्रिंगफील्डच्या अलीकडे एका मैदानाच्या डांबरी पटांगणावर चाळीसेक मोटारी उभ्या होत्या. शर्यत पळण्याची नव्हती, ओरडण्याची होती! मोटारीच्या पुढच्या काचेला आतून एक मापक चिकटवतात. त्याची तार बाहेर संगणकाकडे जाते. दारे-खिडक्या बंद. मग आतले कर्णे काही क्षण एकच खर्जाचा सूर घुमवतात, आणि पडद्यावर डेसिबलचा आकडा उमटतो, तोही दशांशापर्यंत. सूर कानाला नव्हे, छातीला ऐकू येतो. मोटारीचे टप थरथरते, नंबराची पाटी दात वाजल्यासारखी कडकडते. एक बाई हौसेने उघड्या दारापाशी उभी राहिली, तर तिचे केस वारा नसताना उभे राहून नाचू लागले.

या खेळाचे गणित मात्र निर्दय आहे. कर्ण्याला पुरवलेली वीज दुप्पट केली, तर आकडा वाढतो अवघा ३ ने. तो १० ने वाढवायचा, तर वीज दसपट हवी. म्हणजे मोठे ॲम्प्लिफायर आले, जादा बॅटऱ्या आल्या, मनगटाएवढ्या तारा आल्या. या वेडाच्या टोकाला पोचलेल्या मंडळींनी मोटारींत काँक्रीट ओतले, खिडक्यांना जाडजूड तावदाने ठोकली आणि १८० च्या घरात आकडे नेले. त्या मोटारी रस्त्यावर चालत नाहीत; त्यांना गाड्यावर घालून आणावे लागते. अशा राक्षसापुढे पगारातून कर्णा घेणाऱ्या पोराने काय करावे? म्हणून गट पाडावे लागतात. आणि गट कसे पाडावेत, हाच या खेळातला खरा वाद.

त्या दिवशी एक गट नवशिक्या हौशींचा होता. मराठीच्या प्राध्यापकाला ‘हौशी’ शब्द नाटकामुळे परिचयाचा. ज्याचे पोट त्यावर नाही तो हौशी. तेथेही नियम तोच होता: मोटारींत कर्णे बसवण्याच्या धंद्यात जो पगार घेतो, त्याला या गटात मज्जाव. ऐकायला किती रास्त! पण रांगेत एक विशीचा पोरगा उभा होता. अशाच एका दुकानात तो हरकाम्या. झाडलोट करायची, तारा सोलायच्या. मोटार बारा वर्षांची जुनी, कर्णा दुसऱ्या हाताचा, खोके घरच्या अंगणात स्वतः ठोकलेले. तो धंदेवाईक ठरला. त्याच्या पुढे एक दंतवैद्य होते. त्यांनी सगळे सामान नवे कोरे आणून दुकानदाराकडून बसवून घेतले होते. आतली एक तारही त्यांनी हाताळलेली नव्हती. ते हौशी ठरले, आणि पुढे १४३.८ वर बक्षीसही घेऊन गेले. यात त्यांचा दोष काय? नियमच माणसाच्या चाकरीकडे पाहत होता, मोटारीकडे नव्हे.

पोरगा चिडला. पंच म्हणून एक पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी लेखी नियम बदलला नाही. मात्र दुसऱ्या गटाच्या फळ्याकडे बोट दाखवले. तेथे मालकाविषयी चकार शब्द नव्हता. कर्णा एकच, १२ इंचांपर्यंत. बॅटरी मूळ जागची एकच. सामान खिडकीच्या खालच्या रेषेवर येता कामा नये. मोटार स्वतःच्या चाकांवर आलेली असावी. मी भाच्याला विचारले, “किमतीची मर्यादा का घालत नाहीत?” तो हसला. “पावती कोणीही आणेल, मामा. आणि ॲम्प्लिफायरवर छापलेले वॅट तर जाहिरातीतले. टेप खोटे बोलत नाही.”

मला आपल्याकडच्या बैलगाडा शर्यती आठवल्या. तेथे आदत बैलांचा गट वेगळा असतो. मालक सरपंच की मजूर, हे कोणी विचारत नाही. बैलाचा जबडा उघडून दात पाहतात. चार माणसांदेखत तपासता येते, म्हणून तंटा कमी.

टेप लावली तर पोराचे खोके रेषेवर दोन बोटे निघाले. बाईंनी मान हलवली. त्याने रदबदली केली नाही. खोके बाहेर काढले, खालची फळी उचकटली आणि अर्ध्या तासात पुन्हा बसवले. आकडा आला १४१.६. एका ट्रकचालकाचा १४१.८ होता. दोन दशांशांनी पोरगा दुसरा आला.

निघताना मी बाईंना विचारले, की त्या दोन बोटांनी काय बिघडले असते? त्या म्हणाल्या, “ट्रकवाल्याने आपले खोके गेल्या महिन्यात कापून आणले. त्याला मी काय सांगू?”

पोरगा मात्र तिकडे ट्रकवाल्याच्या मोटारीत डोके खुपसून बसला होता, आणि तो गृहस्थ त्याला खोक्याच्या फटी कशा बुजवायच्या, ते समजावून सांगत होता.