अवतरणचिन्हे

पुण्यात परदेशी विद्यार्थी दिसणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. १९५० मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्त्यांवर आणि स्वतःच्या खर्चानेही अफगाणिस्तान, इराण, येमेन व आफ्रिकेतील अनेक देशांतून तरुण मुलेमुली येथे शिकावयास येत राहिली आहेत. २०१९ च्या पावसाळ्यात अशा नऊ विद्यार्थ्यांना इंग्रजी साहित्याच्या एम. ए. साठी तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. वर्ग सहा आठवड्यांचा होता. त्यांची भाषा सुधारावी, निबंध लिहिण्याची रीत त्यांना कळावी आणि संदर्भ देण्याचे नियम अंगवळणी पडावेत, एवढीच वर्गाकडून अपेक्षा होती. माझीही समजूत त्यापलीकडे गेलेली नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात मी त्यांना फॉर्स्टरच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’ (१९२४) या कादंबरीवर निबंध लिहून आणावयास सांगितले. काबूलहून आलेल्या एका विद्यार्थिनीचा निबंध वाचताना त्यातील भाषा मला ओळखीची वाटली. एका समीक्षाग्रंथातील जवळजवळ दीड पान तिने शब्दशः उतरवले होते. अवतरणचिन्हे नव्हती; ग्रंथकाराचे नावही नव्हते. दुसऱ्या दिवशी मी भर वर्गात तो निबंध वर धरला आणि याला वाङ्मयचौर्य म्हणतात, असे सांगितले. ती उभी राहिली, काहीच बोलली नाही, आणि पुढचे तीन दिवस वर्गाला आली नाही.

चौथ्या दिवशी ती माझ्या खोलीत आली. ते पान तिने पुस्तकात पाहून उतरवले नव्हते. ते तिला पाठ होते. जाणत्या माणसाने जे नेमकेपणाने सांगितले आहे, ते आपल्या मोडक्या इंग्रजीत पुन्हा सांगणे तिला औद्धत्याचे वाटले होते. ग्रंथकाराचे नाव तिने दिले नव्हते, कारण ते पुस्तक आपल्या शिक्षकाच्या ओळखीचे नसेल अशी शंकाही तिला आली नव्हती. मग तिने मला फारसी काव्यातील तजमीन या प्रकाराविषयी सांगितले. दुसऱ्या कवीची ओळ आपल्या कवितेत गुंफून घेणे म्हणजे तजमीन. ती ओळ सर्वांच्या तोंडी असेल तर कवीचे नाव सांगण्याची गरज नसते. अपरिचित असेल, तर मात्र ती कोणाची हे सुचवावे लागते. एरवी ती सरिका, म्हणजे चोरी ठरते.

“सर, हा फरक आम्हांलाही ठाऊक आहे,” ती म्हणाली. “तुम्ही विचारले नाहीत.”

मी खरोखरच विचारले नव्हते. तुलनात्मक साहित्याविषयी मी कित्येक वर्षे व्याख्याने देत आलो होतो. ज्या फारसीच्या द्वारे ‘कागद’, ‘दफ्तर’, ‘मजकूर’ हे शब्द आपल्या मराठीत आले, तिच्या काव्यशास्त्रात उसनवारीचा विचार कसा केला आहे, हे मला एका पंचविशीतल्या मुलीकडून कळावे, यात माझ्या विद्वत्तेची मर्यादा स्पष्ट झाली.

अवतरणचिन्ह हे आपल्याकडेही पाहुणे म्हणूनच आले. मोडीतील मजकूर विरामचिन्हांवाचून, शब्दाशब्दांत अंतरही न सोडता धावत असे. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांच्या प्रयत्नांनी इंग्रजी धर्तीची विरामचिन्हे मराठी लेखनात रुळली. परंतु चिन्ह नव्हते म्हणून विवेक नव्हता, असे म्हणता येत नाही. संस्कृत भाष्यकार आधी पूर्वपक्ष मांडतो आणि मग त्याचे खंडन करतो. प्रतिपक्षाचे बोलणे कोठे संपले आणि त्याचे स्वतःचे कोठे सुरू झाले, हे जाणत्या वाचकाला ‘इति’ एवढ्या एका शब्दावरून कळत असे.

यावरून संदर्भाचे नियम सैल करावेत असा निष्कर्ष मात्र मी काढला नाही. उलट, तजमिनीच्याच नियमाने मला ते वर्गाला समजावता आले. काबूलच्या मैफलीत श्रोत्यांची स्मृती एक असते. विद्यापीठातला निबंध कोणत्या देशाचा माणूस वाचील हे सांगता येत नाही. अशा वाचकापुढे प्रत्येक ओळ अपरिचितच धरली पाहिजे, आणि म्हणून प्रत्येक ओळीचा धनी सांगितला पाहिजे. दोन आठवडे नियमांचे कागद वाटून जे साधले नव्हते, ते त्या एका तासात साधले.

दुसऱ्याचे शब्द मुळात घ्यावयाचे कशासाठी, हे सांगताना मी परदेशात शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचाच दाखला दिला. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, २५ वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. त्यात त्यांनी सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या व्याख्या समोर ठेवल्या, प्रत्येकीचे उणेपण दाखवले आणि मग स्वतःचे प्रतिपादन केले. ती अवतरणे आधारासाठी नव्हती. जेथून पुढे एकट्याने जावयाचे ती जागा दाखवण्यासाठी होती. चर्चासत्राची रीत त्या विद्यार्थ्याला न्यूयॉर्कने शिकवली असेल; प्रश्न मात्र त्याने घरून नेला होता. आपल्याकडे येणारा विद्यार्थीही असा प्रश्न आणि अशी स्मृती घेऊन येतो. आपण त्याची भाषा तपासतो, ते गाठोडे उघडून पाहत नाही. तेव्हापासून अशा वर्गाच्या पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला, तुला काय पाठ आहे, हे विचारू लागलो.

ती मुलगी एम. ए. ला दाखल झाली. महासाथीच्या काळात ती घरी परतली आणि तेथूनच संगणकावरून वर्गांना हजर राहू लागली. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेले, आणि भारताबाहेर असलेल्या अफगाण नागरिकांना पूर्वी दिलेले व्हिसा रद्द झाले. डिसेंबर २०२२ मध्ये तेथील विद्यापीठांची दारे स्त्रियांना बंद झाली. तिच्या प्रबंधिकेचे पहिले प्रकरण माझ्यापाशी आहे. विषय तजमीन हाच आहे. प्रत्येक अवतरणाला चिन्हे आहेत, प्रत्येक ओळीच्या धन्याचे नाव आहे. दुसरे प्रकरण आले नाही.

त्या चौथ्या दिवशी मी तिची क्षमा मागितली होती. परंतु ती माझ्या खोलीत, दार लोटून घेऊन. आरोप मी नऊ जणांसमोर केला होता. वर्गात पुन्हा उभे राहून तो मागे घेण्याइतके धैर्य मला झाले नाही, आणि पुढे कधीतरी सांगू, असे म्हणत ते राहून गेले. तो वर्ग आता पुन्हा भरणार नाही. म्हणून ते येथे लिहिले आहे.