सहा वाजता आणि सहा तास

हावडा–नागपूर–मुंबई लोहमार्गावर भिलाईचे पावर हाउस स्थानक आहे. 'सहा वाजता येणारी गाडी दोन तास उशिराने धावत आहे,' अशी घोषणा झाली, की प्रवासी घड्याळाकडे पाहतात. या एकाच घोषणेत काळ दोन रूपांनी येतो. 'सहा वाजता' हा काळातील एक क्षण. 'दोन तास' हा काळाचा विस्तार. ऐकणाऱ्याला हा भेद समजावून सांगावा लागत नाही.

स्थानकाजवळ राहणाऱ्या एका मराठी तरुणीला मात्र तो नव्याने शिकावा लागला. घरच्या अडचणींमुळे तिची शाळा दहावीतच सुटली होती. पुढे तिने रुग्णसेवेचे काम पत्करले. जानेवारी २०२१ मध्ये भारत आणि जपान यांच्यात कुशल कामगारांविषयी करार झाला. त्यामुळे वृद्धांच्या शुश्रूषेसाठी जपानला जाण्याची वाट खुली झाली. पण त्याकरिता कौशल्याबरोबर जपानी भाषेचीही परीक्षा द्यावी लागते. सोव्हिएत रशियाच्या साहाय्याने पोलाद कारखाना उभारलेल्या या गावाला परकी भाषा नवी नव्हती. तिला मात्र होती.

एके रात्री सराव करताना तिची चूक झाली. 'औषध सहा तासांनी द्यावे' या अर्थाचे वाक्य तिने 'सहा वाजता द्यावे' असे वाचले. जपानीत 'रोकुजि' म्हणजे सहा वाजले आणि 'रोकुजिकान' म्हणजे सहा तास. शेवटचा 'कान' तिच्या नजरेतून निसटला होता. वहीतली चूक खोडता येते. रुग्णाच्या उशाशी अशी चूक झाली तर? त्या विचाराने तिला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने 'कान'चे चिन्ह निरखून पाहिले. दरवाजाच्या चिन्हात सूर्याचे चिन्ह बसवून ते लिहितात. त्याचा अर्थ मधले अंतर. मग तिच्या ध्यानात आले, की आपली मराठीही असाच भेद करते. 'सहा वाजता उठते' यात 'ता' येतो. 'सहा तास झोपते' यात 'तास' शब्दाला काहीच जोडावे लागत नाही. जपानीतही 'रोकुजि'पुढे 'नि' येतो, 'रोकुजिकान' एकटाच उभा राहतो. जानेवारी म्हणजे 'इचिगात्सु', तर महिनाभराचा काळ म्हणजे 'इक्कागेत्सु'. 'फुत्सुका' मात्र दोन तारीखही असते आणि दोन दिवसही; तेथे संदर्भ पाहूनच अर्थ लावावा लागतो. मराठीतल्या 'दीड'सारखा सुटसुटीत शब्द तिला जपानीत सापडला नाही. दीड तासाला तेथे 'इचिजिकान हान', म्हणजे 'एक तास अर्धा' म्हणतात.

सरावाच्या शेवटी प्रश्न होता : 'आपण जपानी किती काळ शिकत आहात?' दिवसभराचे काम आटोपून वहीसमोर घालवलेल्या रात्री तिने मनाशी मोजल्या आणि लिहिले, 'इचिनेनकान' – एक वर्ष. शाळा कोणत्या साली सुटली, हे लोक तिला नेहमी विचारीत. किती काळ शिकलीस, हे आजवर कोणी विचारले नव्हते.